फेरफार केलेल्या जुन्या ट्रकच्या स्टिअरिंगमधील दोष शोधणे

रायपूरच्या समता कॉलोनीजवळच्या जी. ई. रोडने पश्चिमेला टाटीबंधकडे निघालात की मालवाहू ट्रकांची वर्दळ वाढते. जुन्या ट्रकला जादा माल पेलावा म्हणून कधी पाटे वाढवतात, कधी मोठे टायर बसवतात. पुढे स्टिअरिंगची तक्रार आली की थेट स्टिअरिंग बॉक्स उघडण्याचा मोह होतो. तसे करू नका. तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवा.

१. काय बदलले ते विचारा
बॉक्स चॅसीवर असतो आणि चाके ॲक्सलवर. पुढचे पाटे वाढवले की चॅसी उंच होते व दोघांना जोडणारी ड्रॅग लिंक जास्त तिरकी होते. मग खड्ड्यात पाटे दबले की स्टिअरिंग न फिरवताही चाके वळतात. ॲक्सलचा कल बदलून कॅस्टर कमी झाला, तर गाडी सरळ चालत नाही आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परतत नाही. रुंद टायर आणि बाहेर आलेल्या रिममुळे स्टिअरिंग जड होते. हे दोष बॉक्स बदलून जात नाहीत.

२. प्ले मोजा
टायरची हवा व झीज पाहा. चाके सरळ ठेवून, ती हलू लागेपर्यंत स्टिअरिंग किती फिरते ते मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. ५० सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेने सुमारे १३ सेंमी.

३. सांधे पाहा
मदतनिसाला स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही ड्रॅग लिंक व टाय रॉडचे बॉल जॉइंट, त्यांच्या रबरी टोप्या आणि स्प्लिट पिना पाहा. बॉल जॉइंट निसटला तर स्टिअरिंग फिरते, पण चाके वळत नाहीत. म्हणून झिजलेला जॉइंट बदला; त्याला वेल्डिंग करू नका.

४. चाक उचला
ॲक्सलखाली भक्कम आधार देऊन चाक वर-खाली धरून हलवा. मग ब्रेक दाबून पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. तसाच राहिला तर किंगपिन व बुशमध्ये.

५. शेवटी बॉक्स
बॉक्समधील दाते मधल्या स्थितीत सर्वाधिक झिजतात. तो प्ले घालवण्यासाठी स्क्रू फार आवळला तर वळणावर स्टिअरिंग अडकते. म्हणून बाकी सर्व ठीक असल्याची खात्री झाल्यावरच स्क्रूला हात लावा.

स्वाध्याय
पाटे वाढवल्यापासून एक ट्रक खड्ड्यात एका बाजूला वळतो. सांधे घट्ट आहेत, प्ले ४ सेंमी आहे. तुम्ही प्रथम काय तपासाल, आणि का?