लहान जखम आणि मांस कुजविणारा विकार

शेतकऱ्याच्या हातापायांस कांटा, विळा किंवा कुदळ लागणें ही नित्याची गोष्ट आहे, व अशा बहुतेक जखमा आपोआप भरून येतात. परंतु क्वचित् एखाद्या जखमेंतून जंतु कातडीखालील चरबींत व स्नायूंवरील आवरणांत शिरतात, आणि तेथील मांस कांहीं तासांतच कुजूं लागतें. अमेरिकेंतील यादवी युद्धांत असे २६४२ रोगी आढळल्याची हकीकत जोसेफ जोन्स या वैद्यानें १८७१ सालीं दिली. त्यांपैकीं शेंकडा ४६ दगावले. आज जंतुनाशक औषधें असूनही शेंकडा वीस ते तीस रोगी हातचे जातात.

जनावरांचा फऱ्या वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यांत सूज दाबली असतां चरचर वाजते, ती जंतूंनीं उत्पन्न केलेल्या वायूमुळें. माणसाच्या या विकारांतही कधीं कधीं तशी चरचर हातास लागते. (फऱ्याचा जंतु मात्र निराळा.) पण तिची वाट पाहूं नये, बहुतेक रोग्यांत ती नसतेच. खरी खूण वेदना ही होय. वर कातडी जराशी लाल, पण ठणका मात्र जखमेच्या मानानें असह्य. ताप, ग्लानि, व सूज तासागणिक पुढें सरकणारी. मागाहून कातडी जांभळी-काळी होते, फोड येतात आणि तो भाग बधिर होतो. ठणका थांबला म्हणून घरच्या माणसांस हायसें वाटतें. वस्तुतः तेथील मज्जातंतु मेलेले असतात.

हा विकार धडधाकट माणसासही होतो. तथापि मधुमेह्यास त्याचें भय विशेष. पाय बधिर झाल्यानें त्याला कांटा रुतलेलाही कळत नाहीं. दारूनें यकृत बिघडलेले, मूत्रपिंडाचे रोगी व वृद्ध यांनींही जपावें. धनुर्वाताची सुई घेतली म्हणजे हें संकट टळलें, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

कुजलेल्या भागांतील रक्तवाहिन्या गोठल्यामुळें नुसतें औषध तेथपर्यंत पोंचत नाहीं. म्हणून शस्त्रवैद्याकडून मेलेलें मांस कापून काढावें लागतें; बहुधा एक-दोन दिवसांत पुन्हां तपासून उरलेलेंही काढतात. कधीं हात किंवा पायही गमवावा लागतो. अनेक अभ्यास एकत्र करून २०२० सालीं काढलेला निष्कर्ष असा कीं, सहा तासांच्या आंत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं सुमारें शेंकडा १९, तर त्यानंतर झालेल्यांपैकीं शेंकडा ३२ मरण पावले.

यास्तव लेप लावून किंवा वेदनाशामक गोळी घेऊन सकाळपर्यंत थांबूं नये. लालीच्या कडेनें शाईची रेघ ओढून वेळ लिहावी, म्हणजे सूज किती सरकली हें वैद्यास कळेल. पण रेघेकडे पाहत घरीं बसूं नये. जवळच्या दवाखान्यांत शस्त्रवैद्य नसेल तर तेथें रात्र न काढतां १०८ क्रमांकाची गाडी बोलावून जिल्ह्याच्या रुग्णालयांत जावें, आणि मधुमेह असल्यास तें पहिल्या वाक्यांतच सांगावें.