चलनात वापरलेल्या जुन्या नोटेचे मूल्य कसे ठरते?

नोट केवळ जुनी असल्याने मौल्यवान ठरत नाही. दुर्मिळता, अवस्था आणि मागणी या तीन गोष्टींवर तिची किंमत अवलंबून असते. समजा, खिदिरपूरमधील एखाद्या पेटीत पंचम जॉर्जची १०० रुपयांची नोट सापडली. प्रथम तिच्यावर छापलेले शहर वाचावे. कलकत्ता व मुंबईच्या नोटा तुलनेने अधिक मिळतात, रंगून व कराचीच्या कमी. नंतर ती उजेडासमोर धरावी, म्हणजे घड्या, टाचणीची भोके व दुरुस्ती दिसते. नोट धुऊ नये, इस्त्रीही करू नये. कागदाचा मूळ पोत बिघडून किंमत उतरते. विक्रीसाठी कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागितल्यास देऊ नये. ही फसवणूक असल्याचे बँकेने २०२१ मध्ये जाहीर केले आहे.