वैद्यकीय मानव्यविद्या

वैद्यकीय मानव्यविद्या ही साहित्य, तत्त्वज्ञान, नीतिशास्त्र, इतिहास, मानवशास्त्र आणि कला यांची वैद्यकीय शिक्षणाशी सांगड घालणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा आहे. रोग शरीरात असतो, तर आजारपण माणूस भोगतो. त्याला भीती, कुटुंब, पैसा, श्रद्धा असे अनेक पदर असतात. हे पदर ओळखण्याची क्षमता भावी डॉक्टरांमध्ये निर्माण करणे, हा या विषयाचा मुख्य हेतू होय.

इतिहास

अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० च्या अहवालानंतर अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाची उभारणी प्रयोगशाळेतील विज्ञानाच्या पायावर झाली. १९१९ मध्ये ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात डॉ. विल्यम ऑस्लर यांनी विज्ञान आणि अभिजात विद्या यांच्यातील दुराव्याकडे लक्ष वेधले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्षी येथील वैद्यकीय महाविद्यालयात १९६७ मध्ये मानव्यविद्येचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. वैद्यकीय महाविद्यालयातील अशा प्रकारचा तो पहिला विभाग मानला जातो. ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने १९९३ मध्ये माहितीचा भार कमी करून ऐच्छिक विषयांना वाव देण्याची शिफारस केली. त्यामुळे तेथील अभ्यासक्रमांत मानव्यविद्यांना स्थान मिळू लागले.

अध्यापनपद्धती

साहित्यवाचन ही सर्वाधिक रूढ पद्धत आहे. लिओ टॉल्स्टॉय यांची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) ही लघुकादंबरी अनेक ठिकाणी अभ्यासली जाते. मृत्यूच्या वाटेवरील रुग्णापासून सत्य लपवले गेल्याने त्याला येणारे एकाकीपण तीत दिसते. कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रिटा शॅरन यांनी ‘नॅरेटिव्ह मेडिसिन’ ही कथनाधारित पद्धत विकसित केली. तीत साहित्यकृतींचे बारकाईने वाचन करणे आणि रुग्णानुभवाविषयी स्वतः लिहिणे यांवर भर असतो. येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयातील चित्रांचे निरीक्षण करून, अर्थ लावण्याआधी, जे दिसते तेवढेच सांगण्यास शिकवले जाते. या प्रशिक्षणामुळे विद्यार्थ्यांचे निरीक्षणकौशल्य सुधारल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

भारतातील स्थिती

भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांवरील ‘एटकॉम’ हा अभ्यासघटक २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. २०१९ पासून तो एमबीबीएसच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाचा भाग झाला. महाराष्ट्रात सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नव्या विद्यार्थ्यांसाठी आश्रमात परिचय शिबिर घेण्याची आणि पुढे खेड्यात राहून लोकजीवन समजून घेण्याची परंपरा आहे. मराठी साहित्यात डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे डॉक्टरने रुग्ण म्हणून लिहिलेले अनुभवकथन विशेष परिचित आहे.

टीका आणि मर्यादा

सहानुभूती परीक्षेतील गुणांनी मोजता येत नाही, त्यामुळे या विषयाचे मूल्यमापन अवघड ठरते. गुण नसल्यास विद्यार्थी विषयाकडे दुर्लक्ष करतात; गुण ठेवल्यास अपेक्षित उत्तरे पाठ होण्याचा धोका असतो. फिलाडेल्फिया येथील जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयातील २००९ च्या अभ्यासात, तिसऱ्या वर्षी म्हणजे रुग्णांशी नियमित संबंध येऊ लागल्यावर, विद्यार्थ्यांच्या सहानुभूतीत घट आढळली. इतर अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. वरिष्ठांच्या वागण्यातून विद्यार्थी नकळत जे शिकतात, त्याला ‘छुपा अभ्यासक्रम’ म्हटले जाते. वॉर्डात रुग्णाचा उल्लेख खाटेच्या क्रमांकाने होत असेल, तर वर्गातील धड्याचा प्रभाव टिकणे कठीण असते. म्हणूनच हा विषय पहिल्या वर्षापुरता न ठेवता रुग्णशय्येजवळील अध्यापनाशी जोडावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.