सुरत पुन्हा उभी राहिली ती कशी?

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम इतिहासाचे पान उघडते. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी ज्या शहरावर छापा घातला, ते शहर त्या काळी मोगल बादशाहीचे अग्रगण्य बंदर होते. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथून सुटत आणि इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या वखारी येथे नांदत होत्या. शाळेच्या पुस्तकात आपण सुरतेला एवढ्यावरच सोडून देतो. ती पुढे किती खालावली आणि पुन्हा कशी सावरली, ही हकीकत बहुधा आपल्या कानी येत नाही. ती हकीकत आज आपणांपुढे थोडक्यात मांडावी असा माझा मानस आहे.

मी राहतो तो भाग सुरतेच्या पूर्वेस, कडोदरा व बारडोली यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्याचे नाव पर्वत पाटिया. नाव ऐकून नवखा माणूस डोंगर शोधू लागतो. पण येथे चहूकडे सपाट जमीन आहे. पर्वत हे मूळचे एक गाव, आणि पाटिया म्हणजे गावाच्या वाटेवर हमरस्त्यालगत लावलेली नावाची पाटी. मराठीत आपण ज्याला फाटा म्हणतो, तेच हे. गावाचा फाटा शहरात मिसळून गेला आणि नाव तेवढे मागे राहिले. हे मिसळणे समजले, की सुरतेचे पुनरुज्जीवनही बरेचसे समजते.

प्रथम ऱ्हासाचा विचार करू. एखाद्या स्वारीने अथवा लुटीने एवढे शहर मोडत नाही. दोन स्वाऱ्यांनंतरही सुरतेचा व्यापार चालूच राहिला. परंतु तापी गाळाने उथळ होत चालली होती. मोठी जहाजे आधीपासूनच नदीच्या मुखाजवळ सुवाळीच्या बाऱ्यात नांगर टाकीत आणि तेथून माल होड्यांनी शहरात येई. त्यातच १६८७ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपले पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे मुंबईस नेले. पुढे मोगल सत्ता दुबळी झाली, तेव्हा उत्तरेकडून माल आणणारे मार्ग असुरक्षित झाले आणि बंदराचा आधारच सुटला. १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि १८०० साली शहराचा कारभारही आपल्या हाती घेतला. व्यापारी, सराफ, जहाज बांधणारे पारशी कारागीर यांनी एकामागून एक मुंबईची वाट धरली. मुंबईच्या भरभराटीत सुरतेच्या भांडवलाचा आणि कसबाचा मोठा वाटा आहे, हे मुंबईकरांनी विसरू नये.

मग १८३७ साल उजाडले. त्या वर्षीच्या एप्रिलात लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. १८४७ च्या सुमारास लोकसंख्या ८० हजारांच्या आसपास उरली होती. त्यानंतरच्या अर्धशतकात शहर कसेबसे तग धरून राहिले. १९०१ च्या जनगणनेत सुरतेत सुमारे १ लाख १९ हजार माणसे मोजली गेली.

आता प्रश्न असा, की एवढे खालावलेले शहर पुन्हा वर आले कशाने? बंदर तर परत आले नाही. उत्तर असे, की बंदर गेले तरी हात गेले नव्हते. जरीचे काम करणारे आणि रेशमी कापड विणणारे कारागीर शहरात टिकून होते. विसाव्या शतकात कृत्रिम रेशमाचे सूत आले, वीज आली, यंत्रमाग आले; आणि जुने कसब नव्या धाग्याशी जोडले गेले. हातमागाच्या जागी यंत्रमाग बसला, त्याच्या पाठोपाठ कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या गिरण्या आल्या, आणि त्या कापडाच्या साड्या देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर हिऱ्याला पैलू पाडण्याचा धंदाही येथे वाढला. १९७२ साली तापीवरील उकाई धरण पूर्ण झाले आणि पाण्याची सोय झाली. १९५१ साली सव्वादोन लाखांच्या आत असलेली वस्ती १९९१ मध्ये पंधरा लाखांच्या घरात गेली.

एवढी माणसे आली कोठून? हिऱ्याच्या कारखान्यांत सौराष्ट्रातून आली, मागांवर ओरिसाच्या गंजाम जिल्ह्यातून आली, उत्तर प्रदेशातून व बिहारमधून आली; आणि आपल्या खानदेशातून आली. यांत नवल काहीच नाही. तापी खानदेशातून वाहत सुरतेला येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातलेला तापी खोऱ्याचा लोहमार्गही सुरतेपासून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करीत अमळनेरला जातो. ज्या वाटेने नदी आली त्याच वाटेने माणसे आली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतून फिरले तर अहिराणी सहज कानांवर पडते. महापालिकेच्या प्राथमिक शाळांत गुजरातीबरोबर मराठीतूनही शिक्षण मिळते. पुरुष मागावर, गिरणीत अथवा बाजारात गाठोडी वाहण्याच्या कामी जातात. घरी बाया साडीवर खडे चिकटवितात, सुटे धागे कापतात. सुरतेची साडी म्हणतात, तिच्यात अशा कितीतरी घरांची बोटे असतात.

परंतु भरभराट म्हणजेच पुनरुज्जीवन, ही समजूत १९९४ च्या सप्टेंबरात खोटी ठरली. त्या वर्षी अतिवृष्टी झाली, वस्त्यांत पाणी तुंबले, मेलेली जनावरे आणि कचरा कुजत राहिला, आणि प्लेगची साथ उद्भवली. काही दिवसांतच लाखो माणसे आगगाड्यांना लोंबकळत शहर सोडून निघाली. हिऱ्यांचे आणि रेशमाचे हे शहर घाण आणि भय यांच्या नावाने जगभर ओळखले जाऊ लागले. पैसा होता, काम होते. पण गटारे नव्हती. नव्याने आलेला कामगार शहराला हवा होता आणि त्याची वस्ती मात्र शहराच्या हिशेबात नव्हती, हा या साथीचा खरा धडा होय.

१९९५ मध्ये एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त झाले. त्यांनी केलेल्या सुधारणा ऐकताना साध्या वाटतात. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येकाच्या प्रमुखास अधिकार दिले. अधिकाऱ्यांनी सकाळचा वेळ कचेरीत न घालविता रस्त्यावर, गल्लीत, गटाराच्या काठी घालवावा आणि दुपारी एकत्र बसून पाहिलेल्या गोष्टींचा निकाल लावावा, असा दंडक घातला. रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. घाण करणाऱ्यास दंड झाला, मग तो पानाची गादी चालविणारा असो की मोठ्या उपाहारगृहाचा मालक. अतिक्रमणे काढताना धनिकांची बांधकामेही सुटली नाहीत, म्हणूनच सामान्य माणसाने हे काम आपले मानले. दवाखान्यांतून तापाच्या रोग्यांची माहिती दररोज जमा होऊ लागली. दोन वर्षांच्या आत, ज्या शहराकडे पाहून लोक नाक मुरडीत, त्याचे नाव देशातील स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. राव यांची पुढे बदली झाली, तरी ही व्यवस्था टिकली. केंद्र सरकारच्या २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर पहिला क्रमांक पटकाविला. बमरोली येथे सांडपाणी शुद्ध करून ते पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांना पुरविले जाते. टाकाऊ पाण्याचेही मोल होते, हे शहर आता शिकले आहे.

म्हणजे सुरत दोनदा उभी राहिली. पहिल्यांदा तिला कारागिरांच्या आणि कामगारांच्या हातांनी उभे केले. दुसऱ्यांदा झाडूने आणि शिस्तीने. यांपैकी पहिले उभारणे दुसऱ्यावाचून टिकले नसते.

तिसरी कसोटी अद्याप बाकी आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सोडावे लागले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. त्याच वर्षी महापालिकेची हद्द वाढून भोवतालची अनेक गावे शहरात आली. आमच्या बाजूने खाड्या वाहतात. पावसाळा जोराचा झाला की त्या फुगतात. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी खाडीचे पाणी या पूर्व भागातील वस्त्यांत शिरले. अशा रात्री माणसे धान्याचे डबे माळ्यावर चढवितात, साड्यांची गाठोडी खाटेवर ठेवतात, आणि दाराच्या उंबऱ्याकडे बघत जागतात. स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळविणाऱ्या शहरात हे घडते, याने त्या क्रमांकाचे मोल कमी होत नाही. पण काम कोठे उरले आहे, ते मात्र नेमके समजते. खाडीचे पात्र मोकळे ठेवणे, तिच्या काठावरची भर काढणे, त्यासाठी पुन्हा धनिकांच्या बांधकामांनाही हात घालणे, ही कामे १९९५ च्या कामांहून वेगळ्या जातीची नाहीत.

जुन्या बंदराची सुरत परत येणार नाही आणि तशी आशा धरण्याचे कारणही नाही. ज्या गावाचा फाटा शहराने आपल्या पोटात घेतला, त्या गावच्या उंबऱ्यापर्यंत शहराची काळजी पोहोचली, म्हणजे सुरत पुरती उभी राहिली असे आम्ही समजू. नदीबरोबर आलेल्या आम्हा माणसांचेही आता हेच गाव आहे.