पान पिवळे पडले, पण कोणते?

कागदी लिंबाचे रोप कुंडीत लावून दोन-तीन महिने झाले की पुष्कळ घरांत एक प्रसंग ठरलेला असतो. रोपाची पाने पिवळी पडू लागल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते आणि सल्ले सुरू होतात. आजी म्हणते, पाणी कमी पडले असेल. शेजारचे काका म्हणतात, चमचाभर युरिया टाका. कोणी कुंडी उन्हात ठेवायला सांगते, तर कोणी सावलीत. सगळे सल्ले एकाच दिवशी अमलात येतात, पंधरवड्यात रोप वाळते आणि 'आमच्याकडे लिंबू जगतच नाही' असा निष्कर्ष निघतो. शाळेत वनमहोत्सवासाठी आणलेल्या पिशवीतल्या रोपांचेही अनेकदा असेच होते.

विद्यार्थी मित्रहो, पान पिवळे पडणे हा रोग नव्हे. ताप हे जसे लक्षण, तसेच हेही एक लक्षण आहे. ताप मलेरियाचा की विषमज्वराचा, हे ठरवल्याशिवाय वैद्य औषध देत नाही. रोपाला मात्र आपण निदानाआधीच औषध पाजतो. पिवळे पान एवढेच सांगते की त्या पानात हरितद्रव्य पुरेसे नाही. ते तयार करायला लागणारा माल मातीत नाही, की माल आहे पण पानापर्यंत पोचत नाही, हा खरा प्रश्न आहे. कुंडीतल्या रोपांच्या बाबतीत दुसरे कारण आपल्याला वाटते त्याहून कितीतरी अधिक वेळा आढळते.

आधी हरितद्रव्याविषयी थोडे. त्याच्या एका रेणूत नत्राचे चार अणू असतात आणि त्यांच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. हरितद्रव्य व इतर वनस्पतिरंगांवरील संशोधनासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विल्स्टेटर यांना १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की या रेणूत लोहाचा अणू नसतो. पण लोहाशिवाय रोपाला तो रेणू बनवताच येत नाही. गवंडी भिंतीत चिणला जात नाही, पण त्याच्यावाचून भिंतही उभी राहत नाही, तसेच हे. पानात पिवळी रंगद्रव्ये मुळातच असतात. हिरवा रंग ओसरला की ती दिसू लागतात, इतकेच.

आता कुंडीजवळ जा आणि पहिला प्रश्न विचारा : पिवळे पडलेले पान कोणते? खालचे जुने, की शेंड्याचे कोवळे?

हा प्रश्न महत्त्वाचा का? नत्राची टंचाई पडली तर रोप जुन्या पानातली प्रथिने मोडते आणि त्यातले नत्र नव्या पानांकडे पाठवते. जुन्या घराचे वासे काढून नव्या घराला लावावेत, तशी ही तऱ्हा. त्यामुळे नत्र कमी पडले की आधी खालची पाने पिवळी पडतात आणि ती सबंध, शिरांसकट, फिकट होतात. मॅग्नेशियमही असेच हलवता येते. म्हणून त्याची उणीवही जुन्या पानांवरच दिसते, पण तिथे पिवळेपणा शिरांच्या मधल्या भागात येतो. लिंबाच्या पानात तर देठाजवळ पाचरीसारखा हिरवा तुकडा शिल्लक राहतो. एकदा पाहिला की तो विसरत नाही.

लोहाचे वेगळे आहे. एकदा पानात बसलेले लोह रोपाला सहसा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. जुनी पाने हिरवीगार राहतात आणि नवी पालवी मात्र पिवळी, कधी पांढुरकी निघते. तिच्या शिरा हिरव्या असतात. पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची जाळी विणावी तशा. उसात असे झाले की आपल्याकडचे शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण जपून वापरावा. काही पिकांवरच्या बुरशीच्या रोगालाही हेच नाव आहे. गंधक कमी पडले तरी नवी पानेच आधी फिकट होतात, पण ती सबंध. हिरवी जाळी दिसत नाही.

एवढे पाहून झाल्यावर लगेच खताच्या दुकानाकडे धावू नका. आधी पान उलटे करून भिंगातून मागची बाजू पाहा. बारीक ठिपके, तलम जाळे आणि हलणारे लालसर कण दिसले, तर हा लाल कोळ्यांचा प्रताप आहे. तिथे खताचा संबंध नाही. तळाचे एखादेच पान वयोमानाने पिवळे होऊन गळत असेल, तर काहीच करू नका. मुगाच्या रोपाची बीजपत्रे पिवळी पडून गळतात, त्याचे आपण कुठे दुःख करतो?

यानंतरचा प्रश्न मातीचा, आणि इथे माझा विषय, म्हणजे भौतिकशास्त्र, उपयोगी पडतो.

मुळे मातीतून क्षार आपोआप शोषतात, अशी पुष्कळांची समजूत असते. पाणी बरेचसे आपोआप आत जाते हे खरे. पण बहुतेक क्षार आत ओढून घ्यायला मुळांना ऊर्जा खर्च करावी लागते. ही ऊर्जा श्वसनातून मिळते आणि श्वसनाला ऑक्सिजन लागतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर २५ अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. शिवाय ऑक्सिजनचे विसरण पाण्यात हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपटींनी मंद असते. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे अक्षरशः गुदमरतात. मग कुंडीत कितीही खत असले तरी पाने पिवळी पडतात. भरल्या ताटासमोर बसलेल्याचे हातच बांधून ठेवावेत, तशी त्या रोपाची अवस्था होते. पाणी साचलेल्या मातीतले काही जिवाणू नायट्रेटमधले नत्र वायुरूपाने उडवून लावतात, हे नुकसान आणखी वेगळे. माती ओली, पण पोकळ्यांत हवा खेळती, या स्थितीला शेतकरी 'वाफसा' म्हणतात. कुंडीला हवा असतो तो वाफसा.

पण कुंडीला तळाशी भोक असते. मग जादा पाणी निघून का जात नाही? याचे उत्तर एका सोप्या प्रयोगातून मिळते. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून चिंब करा आणि आडवा, सपाट धरा. पाणी ठिबकते आणि काही वेळाने थांबते. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! स्पंजाच्या बारीक छिद्रांत केशाकर्षणामुळे ठरावीक उंचीचा पाण्याचा थर तोलून धरला जातो. स्पंज आडवा असताना जवळजवळ सगळा त्या थरातच असतो. उभा केला की थराची उंची तीच राहते, पण त्याचा पाया लहान होतो. उरलेले पाणी गळून जाते.

मातीतही असेच घडते. केशनळीत पाणी किती चढते याचे सूत्र तुम्ही शिकला असाल. नळीची त्रिज्या ०.३ मिलिमीटर असेल तर उंची सुमारे ५ सेंटिमीटर येते. छिद्र जितके बारीक तितकी ती अधिक. मातीतली छिद्रे सरळ नळ्यांसारखी नसतात, तरी अंदाजाला हे पुरे. तळाचा ५ सेंटिमीटरचा थर चिंब राहतो असे धरा. ३० सेंटिमीटर उंच कुंडीत हा भाग एकषष्ठांश झाला. १० सेंटिमीटरच्या छोट्या कुंडीत तो निम्मा! लहान रोप म्हणून लहान कुंडी आणि कौतुकाने रोज दोनदा पाणी, यातून पिवळेपणा कसा येतो ते आता ध्यानात येईल. त्यात चिकट काळी माती भरली असेल तर विचारायलाच नको.

कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, असे अनेक पुस्तकांतही लिहिलेले असते. माझ्या मते हा सल्ला आता सोडून द्यावा. बारीक छिद्रांतले पाणी मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती सीमेवर चिंब झाल्यावरच ते खाली पडते. म्हणजे चिंब थर नाहीसा होत नाही, खडीच्या उंचीइतका वर सरकतो आणि मुळांना उलट कमी जागा उरते. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी ठेवणे ठीक. निचरा हवा असेल तर सगळ्या मातीतच जाड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळावा.

पाणी कमी की जास्त, हे बोटाने चाचपून कळतेच असे नाही. वरची माती सुकते तेव्हाही तळ चिंब असू शकतो. कुंडी तोला. पाणी घालून निथळल्यावर काट्यावर वजन घ्या आणि पुढचे चार दिवस रोज ठरल्या वेळी घ्या. घट म्हणजे उडून गेलेले पाणी : एक ग्रॅमला एक मिलिलिटर. पाने मलूल दिसत असूनही वजन जवळजवळ भरलेल्या कुंडीइतकेच असेल, तर रोप तहानलेले नाही. अशा वेळी कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढा. निरोगी मुळे पांढुरकी आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी, मऊ आणि दर्प येणारी. लिंबाचे कुजलेले बारीक मूळ चिमटीत धरून ओढले तर साल सुटते आणि आत नुसता दोरा उरतो.

आता लोहाकडे वळू. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ५ टक्के लोह आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीत ते भरपूर सापडते. तरीही याच मातीत वाढणाऱ्या रोपाला लोह मिळत नाही. कारण ते तिथे न विरघळणाऱ्या स्वरूपात, गंजासारखे, पडून असते. मातीचा सामू, म्हणजे पीएच, एका अंकाने वाढला की हवेशीर मातीच्या पाण्यातले मोकळे फेरिक आयन सुमारे हजारपटींनी घटतात. आपल्या काळ्या मातीत ठिकठिकाणी चुनखडी असते आणि तिचा सामू ७.५ ते ८.५ पर्यंत जातो. त्यात विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी रोज घातले की बायकार्बोनेटची भर पडते. कुंडीच्या बाहेरून पांढरे पोपडे धरलेले दिसतात, ते याच क्षारांचे. चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे.

लोहाचीच उणीव आहे का, हे ठरवण्याची एक जुनी युक्ती आहे. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये यूसेब ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाचे क्षार देऊन ती हिरवी होतात हे दाखवले. तोच प्रयोग तुम्ही एका पानावर करू शकता. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, ५ ग्रॅम घेऊन एक लिटर पाण्यात विरघळवा. खडे हिरवट असावेत. तपकिरी झाले असतील तर घेऊ नका. त्यात लिंबाच्या रसाचे थोडे थेंब आणि साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. संध्याकाळी एका कोवळ्या पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागावर कुंचल्याने हे पाणी लावा. मधल्या शिरेच्या पलीकडचा अर्धा भाग तसाच ठेवा. आठवड्याभरात लावलेला भाग हिरवा झाला आणि दुसरा पिवळाच राहिला, तर निदान पक्के. लोह पानातल्या पानातही फारसे हलत नाही, म्हणूनच हा प्रयोग साधतो. हात नीट धुवा, आणि फरशीवर थेंब पडू देऊ नका. तो डाग घरच्यांच्या चांगला लक्षात राहतो.

चुनखडीच्या मातीत नुसता हिराकस टाकून फार दिवस भागत नाही. ते लोहही गंजून निरुपयोगी होते. त्यासाठी चिलेट स्वरूपातले लोह मिळते. ग्रीक भाषेतल्या 'नांगी' या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले. खेकड्याने नांगीत धरावे तसा एक सेंद्रिय रेणू लोहाला धरून ठेवतो. मात्र ईडीटीए नावाची नांगी चुनखडीच्या मातीत लोह सोडून देते. ईडीडीएचए नावाची धरून ठेवते. विकत घेताना पाकिटावरचे नाव वाचा. पावसाचे पाणी साठवून कुंड्यांना घातले तरी पुष्कळ फरक पडतो.

राहता राहिला काकांचा चमचाभर युरिया. चमच्यात सुमारे ४ ग्रॅम युरिया मावतो आणि त्याचा रेणुभार ६० आहे. रोपवाटिकेच्या छोट्या पिशवीतल्या मातीत समजा ३०० मिलिलिटर पाणी आहे. म्हणजे द्रावण लिटरमागे सुमारे ०.२२ मोलचे झाले. सूत्रात घालून पाहा. परासरण दाब वातावरणाच्या दाबाच्या पाचपटींहून अधिक येतो. मुळांच्या पेशींतल्या रसाचा दाबही साधारण याच पल्ल्यात असतो. मग पाणी आत येणार कसे? पुढे युरियाचे अमोनियम कार्बोनेट होते, तेव्हा द्रावणातले कण वाढतात आणि सुटणारा अमोनिया कोवळी मुळे भाजतो. पानांचे शेंडे आणि कडा करपतात त्या यामुळे. असे झालेच, तर कुंडीच्या दोन-तीनपट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत आणि मग कुंडी निथळू द्यावी. खालची पाने खरोखरच नत्रावाचून पिवळी पडत असतील, तर युरिया लिटरभर पाण्यात एक ग्रॅम इतका पातळ करून, ओल्या मातीत, पंधरा दिवसांतून एकदा पुरतो. कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मूठभर दिले तर मोजमाप थोडे चुकले तरी चालते.

एका वेळी एकच बदल करा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पिवळी पडलेली जुनी पाने बहुधा परत हिरवी होत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे रोज पाहून उपाय फसला असे ठरवू नका. लिंबाला पुढची पालवी फुटेल, तिची पहिली चार पाने पूर्ण उलगडली की तीच पाहायची.