शोधनिबंधाची पहिली परीक्षा

नेमलेल्या पाठ्यपुस्तकांपलीकडे जाऊन एखादा प्रश्न स्वतःच्या बुद्धीने सोडवून पाहावा, अशी जिज्ञासा ज्या विद्यार्थ्यांच्या मनात जागते, त्यांच्यासाठी महाराष्ट्रातील विद्यापीठांत २००६ पासून ‘आविष्कार’ हे संशोधन-संमेलन भरत आले आहे. पालघर-बोईसरची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत असल्याने येथील मुलांना विभागीय फेरी, विद्यापीठाची अंतिम फेरी आणि मग आंतरविद्यापीठीय संमेलन, अशा पायऱ्या चढाव्या लागतात.

खरी कसोटी लागते ती संशोधनाचा सारांश लिहिताना. तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या विहिरींचे पाणी तपासणाऱ्या विद्यार्थिनीने प्रदूषणाच्या जागतिक संकटावर प्रस्तावना लांबविण्यापेक्षा, नमुने कोणत्या विहिरींतून व पावसाळ्याच्या आधी की नंतर घेतले, क्षारता कशी मोजली आणि निष्पन्न काय झाले, एवढा तपशील नेमका मांडला, तर परीक्षकांस तिच्या श्रमाची खात्री पटते. सादरीकरणाच्या भित्तिपत्रकावरही आलेख ठळक आणि मजकूर बेताचा असावा, हे ओघानेच आले.

सादरीकरणानंतरची प्रश्नोत्तरे मला सर्वांत मोलाची वाटतात. ‘एकाच ऋतूतील नमुन्यांवरून हा निष्कर्ष कसा काढला?’ अशी हरकत परीक्षकाने घेतली असता, सारवासारव न करता आपल्या कामाची मर्यादा स्वच्छ शब्दांत सांगणे, हेच संशोधकवृत्तीचे पहिले लक्षण होय.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, अर्जाच्या मुदतीची वाट पाहत बसू नका. विहिरीच्या पाण्याचा पहिला नमुना उन्हाळ्यातच घ्या आणि सारांशाचा मसुदा आपल्या प्राध्यापकांना वेळेवर दाखवा.