पोर आळशी नव्हती, सायकल जड होती!

"आई, तेव्हा तू मला आळशी म्हणाली होतीस, आठवतंय?"

मागच्या महिन्यात सायकलच्या दुकानात लेकीनं सगळ्यांदेखत विचारलं आणि मी गप्पच झाले.

त्याचं असं झालं, ती आठवीत गेली तेव्हा आम्ही मोठ्या हौसेनं तिला डबल शॉकअपची सायकल घेतली होती. पुढे शॉकअप, सीटखाली जाडजूड स्प्रिंग, रुंद टायर. पोर हरखून गेली. दोन महिने सिडकोतल्या क्लासला सायकलवर गेली. मग कुरकुर सुरू झाली. "दम लागतो", "पाय दुखतात". मी ठणकावलं, "आम्ही भावाच्या दांडीच्या सायकलवर शिकलो, तुम्हाला सगळं आयतं!" सासूबाई म्हणाल्या, "मुलीच्या जातीला कशाला ती उठाठेव?" सायकल गॅलरीत गेली. तिच्यावर टॉवेल वाळू लागले.

आता लेक कॉलेजात आहे. रविवारी मैत्रिणींबरोबर सातारा डोंगराच्या पायथ्याला किंवा गोगाबाबा टेकडीकडे सायकलवर जायचं म्हणते. यावेळी ठरवलं, आधी माहिती, मग पैसे. चार दुकानं फिरलो. जुनी सायकल सहज वजनकाट्यावर चढवली, तर भरली 19 किलो! तेरा वर्षांची पोर हे धूड रोज ओढत होती.

एका मेकॅनिकदादांनी नीट समजावलं. दगडगोट्यांवरून वेगात उतरताना मागचं चाक उसळतं, जमीन सोडतं, मग ब्रेकही नीट लागत नाही. मागचा शॉकअप चाकाला जमिनीशी धरून ठेवतो. पण डांबरी रस्त्यावर किंवा चढावर पॅडल दाबलं की थोडा जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. गादीवर चालल्यासारखं होतं. चांगल्या सायकलीत मागचा शॉकअप घट्ट करायची कळ असते, आपल्या वजनाप्रमाणे त्यात हवा भरता येते. म्हणूनच तिची किंमत सहसा लाखाच्या पुढे जाते. स्वस्तातल्या सायकलीत यातलं बहुधा काहीच नसतं. असते ती नुसती दिखाव्याची स्प्रिंग आणि वजन.

खऱ्या डबल शॉकअपमध्येही प्रकार आहेत बरं का! चढ-उतार दोन्ही करणाऱ्यांना चाक 100 ते 120 मिलिमीटर वरखाली होणारी सायकल पुरते. खडकाळ पायवाटांवर रमणाऱ्यांना 130 ते 150 लागतात. नुसत्या उभ्या उतारावरून झेपावणाऱ्यांची सायकल 200 पर्यंत जाते, पण चढावर तीच नकोशी होते. डोंगरी सायकलिंग ऑलिम्पिकमध्ये 1996 च्या अटलांटापासून खेळलं जातं. आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणनं त्यात राष्ट्रीय पदकं मिळवली आहेत. म्हणजे हा काही फक्त पोरांचा खेळ नाही.

मी लेकीला विचारलं, "तू आठवडाभर कुठे चालवणार?" सहा दिवस कॉलेजचा डांबरी रस्ता, एक दिवस टेकडीची मातीची वाट. उत्तर तिथंच मिळालं. फक्त पुढचा शॉकअप, तोही रस्त्यावर बंद करता येणारा, डिस्क ब्रेक आणि वजन 14 किलो. दुकानदार म्हणाला, "ताई, बास्केटवालं लेडीज मॉडेल दाखवू?" लेक हसली आणि सरळ दांडीवर पाय टाकून उभी राहिली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले, दांडी आणि अंगात चार बोटं अंतर राहिलं. मग सीटवर बसून खालच्या पॅडलवर पाय ठेवला. गुडघा किंचितच वाकला. माप जमलं! गल्लीत एक चक्कर मारून आली तेव्हा चेहराच सांगत होता.

परवा बचत गटाच्या बैठकीत एक मैत्रीण म्हणाली, "ताई, पोरीची शाळा चार किलोमीटरवर आहे. ती शॉकअपवाली घेऊ का, भारी दिसते." मी म्हटलं, "रस्ता डांबरी आहे ना? मग शॉकअप नकोच. हलकी घे, तिच्या उंचीची घे. आणि दुकानात तिला घेऊन जा, चालवणार ती आहे!"

मैत्रिणींनो, वस्तू चुकीची निघते आणि आपण पोरीला नावं ठेवतो. "तिला जमतच नाही" म्हणून मोकळे होतो. गॅलरीतली ती सायकल मी विकायला काढली आहे. त्याआधी लेकीला सॉरी म्हटलं. तिनं हसून टाळी दिली. पण त्या पाच वर्षांत तिची किती चाकं थांबली असतील, हा हिशेब काही माझ्या मनातून जात नाही.